न्यायचे राहिलेले कपडे

"कपडा इथं हाये म्हंजे माणूस येनार," असं म्हणून काका लोखंडी कपाटाच्या दारावर तळहाताने दोनदा थापटायचे. दावणीच्या बैलाच्या पाठीवर थापटावं तसं.

भोकरदनच्या बसस्टँडमागे त्यांचं इस्त्रीचं दुकान होतं. मी पंचायत समितीत कारकून म्हणून बदलून आले आणि पहिल्याच आठवड्यात एक सुती साडी घेऊन तिथे गेले. काकांनी नाव विचारलं नाही. पदर दोन बोटांत धरून पाहिला, "शनवारी न्या," म्हणाले, आणि पुढची सहा वर्षं मला साड्यांवरून ओळखत राहिले. एकदा मी पंजाबी ड्रेस घालून गेले तर म्हणाले, "कोन पाह्यजे?" आवाजावरून ओळख पटली तेव्हा ओशाळले. "तोंडाकडं पाहायची सवय न्हाई वो, मॅडम. मान सारी खालीच असते."

आमच्या साहेबांना तर एका रविवारी टी-शर्टात पाहून त्यांनी परत पाठवलं होतं. "सायबाचे कपडे हायेत, दुसऱ्याला देत न्हाई," असं सांगून. साहेब हा किस्सा नव्या माणसाला हमखास ऐकवायचे.

असा एखादा इस्त्रीवाला तुमच्याही गावात असेल. पण त्याच्याकडे असं कपाट असेल असं वाटत नाही. लोक टाकून गेले आणि न्यायला आलेच नाहीत असे कपडे त्यात होते. बदली होऊन गेलेल्या ग्रामसेवकाची सफारी, कुण्या मास्तरांच्या तीन पँटी, एक जांभळी साडी, लहान मुलीचा झालरीचा फ्रॉक. दर दिवाळीच्या आधी काका ते सगळे बाहेर काढायचे, धुवायचे, इस्त्री करून घडी बदलून पुन्हा ठेवायचे. एकाच घडीवर राहिलं की कापड तिथेच विरतं, म्हणायचे.

"कुणाला तरी देऊन टाका ना," मी एकदा म्हटलं.

"अन् मंग तो आला तर?"

खरं सांगायचं तर मलाही ते कपाट तसंच राहावं असं वाटायचं. आमचे हे नांदेडला नोकरीला, मुलगी पुण्यात शिकायला. ऑफिस सुटल्यावर खोलीवर जाऊन कुलूप उघडायचा कंटाळा यायचा. मग एक साडी इस्त्रीला न्यायची असली तरी मी दोन दिवसांत दोन फेऱ्या करायची. काका एकटेच. बायको वारलेली, मुलगी घनसावंगीला दिलेली. दुकानाच्याच मागच्या खोलीत राहायचे. मी बाकावर बसायची, ते इस्त्री करायचे. फार बोलणं होत नसे. पाणी शिंपडल्याचा आणि इस्त्री टेकवल्याचा आवाज, बस्स.

मग ती दुकानांची ओळ पाडायचं ठरलं. मालकाला तिथे मोठी इमारत बांधायची होती. काकांची मुलगी म्हणाली, बाबा, आता पुरे झालं, इकडं या. काका तयार झाले. पण तिच्या दोन खोल्यांत एक पेटी मावेल एवढीच जागा होती.

"कपाट खाली करावं लागतंय," त्यांनी मला सांगितलं, कपाटाकडे न बघता.

रविवारी मी मदतीला गेले. माझ्या डोक्यात सरळ हिशेब होता: चांगले कपडे एका बाजूला, फाटके एका बाजूला, चांगले गरजूंना देऊन टाकायचे. काकांनी माझे दोन्ही ढीग मोडले. त्यांनी एकच ढीग केला, ज्यांचा पत्ता लागेल अशांचा. कोणता कपडा कोणाचा, हे त्यांना तोंडपाठ होतं. मी फोन लावत बसले.

काही जण हसले. "अजून आहे का तो? टाकून द्या हो." मास्तरांच्या घरी आम्ही पँटी घेऊन गेलो तर त्यांच्या बायकोने दारातूनच हात जोडले. "नका हो काका, आमचीच कपाटं भरून वाहून राह्यलीत." ग्रामसेवक रिटायर होऊन पुन्हा भोकरदनलाच राहायला आले होते. त्यांनी सफारी घालून पाहिली, बटण पोटाशी येईना. पण म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून ठेवून घेतली आणि चहा पाजला. प्रत्येक नकारावर काका "बराबर हाये" म्हणायचे आणि कपडा पिशवीत ठेवायचे, घडी मोडू न देता.

शेवटी एक काळा कोट उरला. आतल्या कोपऱ्यात, जुन्या धोतरात गुंडाळलेला. मी हात लावताच काका म्हणाले, "त्याचं ऱ्हाऊ द्या."

"का? पत्ता नाही?"

"पत्ता हाये. हसनाबाद." थोडा वेळ ते इस्त्रीची वायर गुंडाळत राहिले. "इतक्या वर्षांत जायची हिंमत न्हाई झाली. तुम्ही येता का संगं?"

पुढच्या रविवारी बसने गेलो. ऊन कडक होतं. काकांनी कोटाची पिशवी मांडीवर आडवी धरली होती आणि कंडक्टरने खाली ठेवा म्हटलं तरी ठेवली नाही. हसनाबादेत विचारत विचारत घर सापडलं. ओसरीत बाजेवर एक म्हातारे शेतकरी बसले होते, उघड्या अंगाने. आतून त्यांची सून आली. काकांनी कोट पुढे केला. "हा आबांचा. भोकरदनला इस्त्रीला टाकला व्हता."

बाईने कोट उलगडला आणि आधी खळखळून हसली. "अगं बया! हा तर माझ्या लग्नातला! म्हंजे लग्नात घालायचा व्हता. सोळा वर्षं झाली. आबा आणायला गेल्ते तुमच्याकडं, तर दुकान बंद. दोनदा चकरा मारल्या. मंग काय, नुसत्या सदऱ्यावरच उभे ऱ्हायले मांडवात. फोटोत बी तसेच हायेत. आमच्या घरात अजून म्हनतात, भोकरदनवाला कोट घेऊन पळून गेला!"

"चुकलंच माझं," काका म्हणाले.

"जाऊ द्या हो बाबा, मी काही भांडून न्हाई राह्यले. बसा, पानी आनते."

तेवढ्यात आबा उठले. त्यांना अलीकडे काही ध्यानात राहत नव्हतं, सुनेने सांगितलं. त्यांनी तिच्या हातून कोट घेतला आणि उघड्या अंगावर चढवला. बटणं त्यांना लावता येईनात. काका पुढे झाले आणि एकेक बटण लावून दिलं. आबांनी कॉलर ताठ केली आणि आमच्याकडे पाहिलं.

"चला, जल्दी करा. वऱ्हाड निघालं न्हाई का अजून? पाव्हणं, तुम्ही बी चला. न्हाई म्हनायचं न्हाई."

"येतो ना," काका म्हणाले. "चला."

आणि ते खरंच आबांच्या शेजारी बाजेवर जाऊन बसले. भर उन्हाळ्यात कोट घातलेला एक आणि इस्त्रीच्या सदऱ्यातला एक, दोघं रस्त्याकडे तोंड करून. सुनेने पाणी आणलं आणि पदराने डोळे पुसत दारातच थांबली. अर्धा तास तरी ते तसे बसले होते.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "त्या दिवशी दुकान बंद का होतं?"

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. "आदल्या दिवशी संध्याकाळी कोट तयार करून टांगला. अन् सकाळी बायको गेली. जालन्याच्या दवाखान्यात. दुकान उघडलं ते थेट तेराव्यानंतर."

"मग सांगायचं होतंत ना तिला."

"तिच्या लग्नाच्या आठवणीत माझ्या घरचं मरन कशाला घालायचं?"

भोकरदन आल्यावर ते म्हणाले, "बाकीचे आता न्या. कुनाला बी द्या." मी ते वीटभट्टीवरच्या बायकांना दिले. झालरीचा फ्रॉक एका पोरीने तिथल्या तिथे घातला. कपाट भंगारवाला घेऊन गेला. काका शेअरिंगच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून घनसावंगीला गेले.

दिवाळीत मी फोन केला. मुलीने त्यांच्याकडे दिला.

"मॅडम? तुमची बदली झाली का?"

"नाही हो काका, अजून नाही."

"व्हईल. जेवल्या का?"

"जेवले. तुम्ही काय करताय?"

"बसलोय. इथं मला कोनी काम करू देत न्हाई."

शेवटी काका "बरं, ठेवतो," म्हणाले. तो आमचा शेवटचा फोन. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले, मला उशिरा कळलं.

पण त्या दिवशी त्यांना फोन बंद करता आला नाही. त्यांनी तो तसाच बाजूला ठेवला असावा. मला बंद करता आला असता, मी केला नाही. टीव्हीवरची मालिका ऐकू येत होती, मध्येच काकांचा खोकला. नातवंडं हसली, कुणीतरी बादली ठेवली. बऱ्याच वेळाने मुलीने हाक मारली, "बाबा, ताट वाढलं." ते "आलो" म्हणाले. बाज करकरली, चपला फरफटत लांब गेल्या. नंतर नुसती मालिकाच ऐकू येत राहिली, आणि मी फोन कानाला लावून बसून होते.