आईनं नेसवलेला किल्ट

आयुष्यात मी एकदाच किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा तो निऱ्यांचा घागरा, घातला आणि तो मला माझ्या आईनं नेसवला.

आयर्लंडमध्ये एनिसजवळच्या आमच्या कारखान्यात आम्ही हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनवतो. तिथं माझ्या शेजारच्या टेबलावर कॅलम नावाचा स्कॉटिश पोरगा बसतो. त्याचं लग्न इथल्याच एका आयरिश मुलीशी ठरलं आणि नवरदेवाशेजारी उभ्या राहणाऱ्या चार मित्रांत त्यानं मला घेतलं. तेही त्याच्या घराण्याच्या टार्टनमध्ये! टार्टन म्हणजे ते चौकड्यांचं लोकरी कापड. आपल्याकडे कुळाचं देवक असतं, तशा त्यांच्याकडे कुळाच्या चौकड्या. पण कॅलमच्या आजोबांना हे मुळीच पसंत नव्हतं. परक्या माणसानं आमचं कापड का घालावं? अखेर ते एका अटीवर राजी झाले. लग्नाआधी ते मला स्वतः तपासणार आणि कापडाचा मान राखलेला दिसला नाही, तर मी सूट घालून मागच्या रांगेत बसायचं.

मी असल्या परीक्षांना भीत नाही. महिनाभर वाचन केलं आणि मग भेटेल त्याला व्याख्यान! "मुळात विणकर आपापल्या भागात मिळतील त्या रंगांत विणायचे. आडनावाला नमुना चिकटला तो बराच नंतर. मध्ये तर बंड झालं म्हणून सरकारनं या वेशावर बंदीच घातली होती, बोला!"

"संदीप, तो घालतात कसा, हे वाचलंस का?" माझी बायको मृणाल म्हणाली.

"त्यात काय वाचायचं? गुंडाळायचा!"

लग्नाच्या दिवशी हॉटेलच्या खोलीत तो किल्ट पलंगावर पसरला. एका बाजूला निऱ्याच निऱ्या, दुसरी बाजू सपाट. कागलहून आलेली माझी आई नऊवारीत सजून बसली होती. तिनं कापड चिमटीत धरून पाहिलं. "घोंगडं बरं हाय. पर कासोटा कुठाय ह्येचा?"

"नसतो गं."

"निऱ्या मागे घेतात वाटतं," फोनवर शोधत मृणाल पुटपुटली.

"मागं?" आई उठलीच. "अगं, निऱ्या कधी मागं असत्यात व्हय? पन्नास वर्सं लुगडं नेसतीया मी! संद्या, हिकडं ये!"

दरवाजातून आमची अकरा वर्षांची इरा म्हणाली, "डॅडी, आय थिंक इट्स बॅक टु फ्रंट."

"इरा, बाबानं महिनाभर अभ्यास केलाय," मी म्हणालो.

आईनं निऱ्या पुढे घेतल्या, एकेक चापून सारखी केली, पोटावर गुडघा टेकवल्यासारखा जोर लावून बकलं आवळली. वर पुढे लोंबणारी ती चामडी पिशवी बांधली. ("चंची झ्याक हाय. पान-सुपारी ऱ्हाईल.") आरशात पाहिलं तर काय रुबाब! मीच मला मुजरा करणार होतो.

खाली दिवाणखान्यात बाकीचे तिघे मित्र उभे होते. तिघांचीही पुढची बाजू सपाट! माणूस चुकतो कुठे, तर घाईत. मला त्या पोरांची दयाच आली. लग्न झाल्यावर एकेकाला बाजूला घेऊन समजावू, असं मी ठरवलं.

एवढ्यात काठी टेकत आजोबा आले. माझ्यासमोर थांबले. निऱ्यांकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा निऱ्यांकडे पाहिलं. कौतुक असणार! आता छाप पक्की करायची, म्हणून मी आपल्या रीतीप्रमाणे वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

पुढच्या निऱ्या पोटात घुसल्या. मागच्या सपाट कापडाला वाकायला जागाच नव्हती. ते ताणलं, आणखी ताणलं आणि दोन्ही बकलांनी एकदम राजीनामा दिला! क्षणात त्या थोर घराण्याचं कापड आजोबांच्या बुटांवर आणि दोन्ही बाजूंची शंभर वऱ्हाडी मंडळी माझ्यामागे. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"आरं देवा," आई म्हणाली, "कासोटा असता तर ह्ये झालं नसतं!"

किल्टच्या आत काहीच घालू नये म्हणतात. तेवढी एक परंपरा मी मोडली होती. कोल्हापूरच्या बाजारातली, लाल-हिरव्या चौकड्यांची, गुडघ्यापर्यंतची चड्डी मी घातली होती.

आजोबांनी खिसे चाचपले. चष्मा सापडला नाही. मग डोळे बारीक करून त्यांनी त्या चौकड्या गंभीरपणे न्याहाळल्या.

"आणि हे कुठल्या घराण्याचं?"

"आमच्या," मी म्हणालो. आता लपवायला उरलं काय होतं?

म्हातारा असा हसला की त्याला काठीवर भार द्यावा लागला. मग त्यानं कापड उचललं, स्वतःच्या हातांनी माझ्याभोवती गुंडाळलं, निऱ्या मागे नेल्या आणि बकलं लावली. "जा, कॅलमशेजारी उभा राहा," तो म्हणाला. आणि माझ्या पाठीवर थाप मारून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्या घराण्याचं जमलं नाही बिचाऱ्याला. पण स्वतःच्या घराण्याचं तरी नीट घातलंय!"

सगळे टाळ्या वाजवत होते. मीही मान ताठ करून वाजवल्या. आजोबांना चष्मा सापडला नाही, हे माझं नशीब. चड्डीही मी उलटीच घातली होती!