चहाला जाण्यापूर्वी कंट्रोल-सी

दोन माणसं आणि एक कॉम्प्युटर एका खोलीत वर्षभर ठेवा, किस्से आपोआप साठतात! नव्वदच्या दशकातलं आमचं विश्रामबागचं डीटीपी सेंटर तसंच. मी क्लास करून आलेली ऑपरेटर. आप्पा आष्ट्याचे, तीस वर्षं छापखान्यात शिशाचे खिळे जुळवलेले. मालकांनी त्यांना बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत कॉम्प्युटर जमला तर बरं, नाहीतर तुम्हाला ठेवता येणार नाही."

पहिल्या दिवशी मी कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही करून दाखवलं. वर टाइप केलेलं नाव खाली उमटलं, वरचंही जागच्या जागी! आप्पांनी चष्मा पुसला.

"आगं पोरी, एक खिळा एकाच येळी दोन जागी कसा?"

*

पुढच्या आठवड्यात छापून झालेली एक लग्नपत्रिका कॉम्प्युटरमध्ये सापडेना. आप्पांनी एकेक अक्षर पुसून टाकलं होतं!

"छापून झालं की खिळे परत खणात टाकायचे. न्हाईतर उद्याच्या पत्रिकेला अक्षरं कुठनं आणायची?"

मी हसून हसून बेजार.

*

पण महिनाभरात माझं हसू बंद झालं. आप्पांचा सगळा कीबोर्ड पाठ! माउसला हातसुद्धा नाही, सगळं शॉर्टकटवर. एक गिऱ्हाईक घाबरून म्हणालं, "आजोबा, जरा बघून टाइप करा की!"

"बघाय लागलो तर चुकंल."

*

दिवाळी चार दिवसांवर आली होती. वाईचे एक काका उत्सवाची पत्रिका न्यायला आलेले, एसटी गाठायची घाई. सत्तर मानकऱ्यांची नावं टाइप करून आप्पा चहाला गेले. फॉन्ट बदलायला सगळा मजकूर निवडावा म्हणून मी कंट्रोल-ए दाबलं, बोट भलत्याच कीवर पडलं आणि सगळं साफ! घाबरून वर सेव्हही केलं. अनडू चालेना. चहाच्या टपरीवर धावत जाऊन मी आप्पांना सांगितलं.

आप्पा आले. कोरं पान उघडलं, कंट्रोल-व्ही दाबलं. सत्तरच्या सत्तर मानकरी हजर!

"जुळवलेला मजकूर दोरी न बांधता सोडून कोण उठतंय व्हय? जाताना कंट्रोल-ए, कंट्रोल-सी करून बांधून ठिवला व्हता."

हे मला कुठल्याच क्लासात शिकवलं नव्हतं. त्या क्षणी मला आप्पांच्या पाया पडावंसं वाटलं.

मालक दारात उभे. "काय झालं?"

"माझ्याकडून पुसलं गेलं. आप्पांनी परत आणलं."

"आप्पा, हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

आप्पांनी माझ्याकडं बोट केलं. "हिनंच की!"

मालकांनी माझा पडलेला चेहरा नीट बघितला.

"असं? मग दिवाळीनंतर तू आप्पांच्या हाताखाली बस."