नवरदेवाची बोट आणि ट्रॅक्टरची साखळी

बंद पडलेला ट्रॅक्टर ओढायचा असेल, तर तुम्ही साखळी स्टेअरिंगला बांधाल का? नाही ना? मग बोटीनंच तुमचं काय घोडं मारलंय?

पिंपळवंडीच्या तात्यांनी मुंबईहून जुनी शिडाची बोट आणली होती. रविवारी पोरीचं लग्न. नवरदेव घोड्यावरून नाही, धरणाच्या पाण्यातून बोटीनं येणार, असं पत्रिकेतच छापलेलं. पण इंजिन चालू केलं की बोट पिठाच्या गिरणीसारखी थरथरायची. मागून पाणीही आत यायचं. मी बोटींच्या इंजिनांचा मेकॅनिक, गाव अवसरी. म्हणून मला बोलावणं आलं.

“इंजिन गेलं राव,” तात्या म्हणाले.

मी कपलिंग सोडलं. कपलिंग म्हणजे इंजिन आणि बोटीला पाण्यात ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा जोडणारा सांधा. इंजिन एकटं चालवलं. अजिबात थरथर नाही. म्हणजे दोष दांड्याकडे, शाफ्टकडे. सांध्याची दोन तोंडं जुळेनात. शाफ्ट एका बाजूला रुसून बसलेला. तो फिरला की बोटीबाहेर पडतो त्या भोकातून पाणी आत येई.

बोट ट्रॉलीवर घेतली. खाली वाकून पाहिलं. पंख्याजवळ शाफ्टला धरून ठेवणारा ब्राँझचा कंस असतो, स्ट्रट. तो बैलाच्या शिंगासारखा वाकलेला, अंगावर साखळीचे वळ.

“इथं साखळी कुणी बांधली?”

सगळ्यांनी तात्यांच्या मेव्हण्याकडं, बापूंकडं पाहिलं. ट्रॅक्टर त्यांचा, बोट ओढली तीही त्यांनीच.

“मागं हुक दिलाय म्हणल्यावर बांधायचं न्हाई तर काय पूजायचा? घण मारून सरळ करू.”

“तडकेल. नवीन ओतून घ्यावा लागेल. रविवारपर्यंत होणार नाही.”

“मग तसंच चालवू.”

“पाणी भरेल. नवरदेव बुडाला तर?”

“त्याला पवता येतंय.”

“आणि बरोबर बसणाऱ्या बँडवाल्यांना?”

तात्या काकुळतीला आले. “पत्रिका वाटल्यात रं. पावण्यांत माझी काय इज्जत ऱ्हाईल?”

धोका दिसत असताना मान डोलावणं मला जमत नाही, समोर कुणीही असो. मी इंजिनाची किल्ली खिशात घातली. “तात्या, बोट शिडाची आहे. शीड काय फोटोपुरतं ठेवलंय?”

रविवारी बँड काठावरच ठेवला. नवरदेवाच्या शेरवानीवर लाइफ जॅकेट चढवलं, शीड उभारलं, सुकाणू मी धरलं. बोट ऐटीत निघाली आणि काठ हाकेवर असताना वारा पडला. मुहूर्त जवळ आलेला. बँडवाले तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवू लागले. काठावर तात्यांनी डोक्याचा फेटा काढून हातात घेतला.

तेवढ्यात बापूंनी ट्रॅक्टर काठाशी आणला. लांब दोराचं एक टोक त्याला बांधलं, दुसरं दातात धरून पोहत बोटीपाशी आले, आणि पाण्यातूनच ओरडले, “भाऊ, आता कुठं बांधू?”

मी पुढची खुंटी दाखवली. अक्षता वेळेवर पडल्या.

नवा स्ट्रट लग्नानंतर बसवला. सांधा जुळवला तो मात्र बोट पाण्यात तरंगत असताना, कारण ट्रॉलीवर तिचं अंग वेगळं बसतं.

तुमच्याकडं मागणं एकच. काहीही ओढायच्या आधी बापूंसारखं मोठ्यानं विचारा, “कुठं बांधू?” आणि कोरड्यात असतानाच विचारा.