आवाज बंद करून दिलेली उत्तरं

हेब्बाळच्या तळ्याकाठी मी सकाळी ज्या बाकावर बसते, त्याच्या दुसऱ्या टोकाला ती बसायची. चाळिशीची, पुण्याकडची, कॉम्प्युटरच्या कामातली. नाव मी कधी विचारलं नाही. कानात यंत्र घालून ती फोनवर ऑफिसची मीटिंग करायची. साहेबाने काम सांगितलं, की आपला आवाज बंद करून मराठीत म्हणायची, "दोन आठवड्यांचं काम शुक्रवारी हवंय का, मेल्या?" मग आवाज सुरू करून गोड इंग्रजीत, "शुअर."

एकदा मी म्हटलं, "मला ऐकवतेस ते त्यालाच ऐकव की."

ती दचकली. "आजी, तुम्हाला मराठी येतं?"

"आमच्या सात पिढ्या इथे मराठीच बोलतात. स्वल्प कन्नड घालून."

ती हसली. "आमच्यात कुणी नाही म्हणत नाही, आजी. 'बघते' म्हणतात, आणि मग रविवारभर तेच बघत बसतात. लेकीला देवनहळ्ळीचा किल्ला दाखवायचा बेत दोनदा रद्द केला. या रविवारीही तेच होणार."

तेवढ्यात साहेबाने पुन्हा काही विचारलं असावं. सवयीने मराठीत काही म्हणायला तिने तोंड उघडलं, पण या वेळी आधी आवाज सुरू केला. "नो," ती म्हणाली. "टू वीक्स." एवढं इंग्रजी मला कळतं. मग आवाज बंद करून ती माझ्याकडे वळली.

"ओके म्हणाला, आजी. नुसतं ओके!"

दर वेळी तो ऐकेल असं नाही. पण मीटिंग संपताच तिने घरी फोन लावला आणि लेकीला विचारलं, "रविवारी डब्यात काय नेऊया?"