उजव्या बाजूची कळी

बायकोच्या वर्षश्राद्धाला जेवणाच्या पंगतीत माझ्या मुलाने लोकांना सांगितलं, "आईला मुंबई आणि महाबळेश्वर बघायचं होतं. बाबा न्यायला तयार होते, पण देवीने कौल दिला नाही." लोकांनी माना हलवल्या. शेजारी बसलेल्या एकाने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मी तिथे राहू दिला आणि भात कालवत राहिलो.

मुलाच्या बोलण्यातलं पहिलं तेवढं खरं होतं. बाकीचं खोटं होतं आणि ते मी रचलेलं होतं. ते आता लिहून ठेवतो.

मी पोलादपूरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. नोकरीची बहुतेक वर्षं महाबळेश्वरच्या गाड्या पुकारण्यात गेली. नवीन लग्न झालेली जोडपी खिडकीपाशी येऊन विचारायची, वर थंडी किती आहे? मी सांगायचो, स्वेटर हाताशी ठेवा. आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर. सकाळची गाडी धरली तर माणूस दुपारचं जेवण वर जेवतो. माझ्या बायकोचं माहेर त्या घाटाच्या पायथ्याशी, सासर घाटाच्या फाट्यापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर, आणि ती एकदाही वर गेलेली नव्हती. मुंबईलाही दोनदाच गेली, दोन्ही वेळा सुनेच्या बाळंतपणाला. तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरची इमारत दिसायची, तेवढी मुंबई तिने पाहिली.

मी निवृत्त झाल्यावर तिने हा बेत काढला. मला विचारलं नाही. सुनेशी फोनवर बोलून ठरवलं आणि एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूला लिहून काढलं. ती सातवीपर्यंत शिकलेली होती, अक्षर मोठं आणि सुटंसुटं. ती पत्रिका आता माझ्यासमोर आहे, म्हणून जसं आहे तसं उतरवतो.

"पहिला दिवस. वीर स्टेशनवरून गाडी. मुलाकडे जेवण, मी करणार नाही. संध्याकाळी समुद्र. नुसतं बसायचं.
दुसरा दिवस. मोठं दुकान. सरकता जिना, एकदा वर एकदा खाली.
तिसरा दिवस. सकाळची महाबळेश्वर गाडी. वाटेत पोलादपूरला उतरून घरी येणे. म्हशीला पाणी, वैरण बघणे. मग वरची गाडी.
चौथा दिवस. होडी. चहा दुसऱ्याने केलेला.
पाचवा दिवस. खाली."

तिने ती माझ्या हातात दिली तेव्हा मी स्टँडसमोरच्या टपरीवर बसलो होतो. बाजार करून ती तशीच आली होती, दोन्ही हातांत पिशव्या. पिशव्या खाली ठेवून तिने ब्लाउजमधून पत्रिका काढली. "वाचा नि सांगा, टायमं बरोबर हायत का. तुमचंच काम हाय ते."

टायमं बरोबर होती. मुंबईहून महाबळेश्वरला जाणारी गाडी पोलादपूरवरूनच जाते, आणि मधे उतरून पुढची गाडी धरायला तिने ठेवलेला वेळ मीही तेवढाच ठेवला असता. जन्मभर मी लोकांना प्रवास आखून दिले, आणि हिने मला न विचारता असा बेत आखला होता की त्यात दुरुस्त करायला काही नव्हतं. हे मला सहन झालं नाही. एवढंच कारण होतं. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

टपरीवर चार-पाच जण होते, दोघे माझ्या हाताखाली काम केलेले. मी पत्रिका मोठ्याने वाचली. गाड्या पुकारायचो त्या आवाजात.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं! तिसऱ्या दिवशी गाडी म्हशीला वैरण घालायला थांबेल!"

हसले सगळे. एक जण म्हणाला, "वयनी, म्हशीलापण घेऊन जावा वर. थंड हवेत दूध वाढंल."

"तिचं हाफ तिकीट काढू," मी म्हणालो.

ती पण हसली थोडं. मग म्हणाली, "बरं, हसून झालं आसंल तर सांगा, कधी निघायचं?" पिशव्या तिने उचलल्या नव्हत्या. ऐकल्याशिवाय ती जाणार नाही हे मला कळलं.

सगळ्यांसमोर नाही म्हणणं मला शोभलं नसतं. मी म्हणालो, "घाटाचा रस्ता हाय. आधी देवीला विचारू."

आमच्या वाडीत मोठ्या कामाआधी ग्रामदेवीला कौल लावतात. लग्न, घर, विहीर, कोर्टकचेरी. गुरव देवीला गाऱ्हाणं घालतो आणि मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. फिरायला जाण्यासाठी कौल लावल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. पण तिचा चेहरा उजळला. माझ्यापेक्षा देवी तिला सोपी वाटली असणार.

"लावा कौल," ती म्हणाली. "देवी नाय म्हननार नाय मला."

मंगळवारी सकाळी मी एकटाच देवळात गेलो. ती घरी थांबली, कारण आमच्याकडे कौलाला बायका गाभाऱ्याशी उभ्या राहत नाहीत. गुरव म्हातारा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. हाताने चाचपडत त्याने तगरीच्या कळ्या पाण्यात बुडवल्या आणि लावल्या. मग गाऱ्हाणं घातलं, "आई, ही तुझी लेक चार दिस मुंबई नि म्हाबळेश्वराला जायचं म्हनते. तुझी मर्जी आसंल तर उजवी दे."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी कळी पडली. मी कित्येक कौल पाहिलेत. माणसं तासतास ताटकळतात, देवीला विनवतात, कळी हलत नाही. ही सटकन खाली आली, जणू वाटच बघत होती.

गुरवाला दिसलं नाही. आवाज ऐकून त्याने विचारलं, "कुठची पडली रे?"

मी म्हणालो, "डावी."

"डावी?" त्याने माझ्या दिशेने तोंड वळवलं. "परत लावू का? तीनदा लावता येतो."

"नको. एकदा नाय म्हटली म्हंजे नाय."

तो पाण्याचा तांब्या घ्यायला वळला. मूर्तीवर डावी कळी अजून चिकटलेली होती. तो हात फिरवणार आणि त्याला ती लागणार. मी पुढे वाकून देवीच्या खांद्यावरची कळी नखाने काढली. मूर्तीला गुरवाशिवाय कोणी हात लावत नाही. मी लावला. त्याने मूर्ती चाचपली आणि म्हणाला, "उजवीपन सुटली वाटतं."

"मागाहून सुटली," मी म्हणालो.

घरी ती ओट्यावर उभी होती. नवी साडी नेसली नव्हती, पण घडी मोडून दोरीवर टाकली होती. मी चपला काढत म्हणालो, "डावा दिला."

ती दोरीकडे वळली. साडीची घडी घातली. चूल पेटवली. चहा माझ्यासमोर ठेवून मग म्हणाली, "माझं काय चुकलं आसंल, अवो?"

मी म्हणालो, "ते तुझं तू बघ."

चार शब्द. तेव्हा मला ते बोलून बरं वाटलं, हेही लिहितो.

तिने बघायला सुरुवात केली. दर मंगळवारी अनवाणी देवळात जाऊ लागली. शेजारीण तिच्या सोबतीला जायची. घरात काय काय चुकलं याची तिने यादी केली. कधी सोवळं मोडलं, कोणाला उलट बोलली, सासूच्या शेवटच्या दिवसांत एकदा वैतागून ताट आपटलं होतं. माझ्या आईचं ते ताट मला आठवतही नव्हतं. मला विचारायची, "त्यापायी आसंल का?" मी म्हणायचो, "आसंल." ज्या दिवशी तिच्यावर चिडलेला असायचो त्या दिवशी मी स्वतःहून एखादी चूक आठवून द्यायचो.

एसटीने महाडला जाताना फाट्यावर महाबळेश्वरची पाटी लागते. ती आली की बायको पदर डोळ्यांवर घेऊन बसायची. शेजारच्या सीटवर मी असायचो.

पुढे तिचं पोट दुखू लागलं. महाडच्या दवाखान्यात ती तीन आठवडे होती. मुलगा रजा घेऊन आला. तिला भरवताना म्हणाला, "आई, बरी झालीस की गाडीच काढतो. दोन दिवस माझ्याकडे, दोन दिवस महाबळेश्वर. तुझा बेत तसाच ठेवलाय."

ती म्हणाली, "नको रे. देवीच्या मनात नाय. उगाच तुमाला काय झालं तर?"

मी खाटेच्या पायाशी उभा होतो. तेव्हा सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. पण मुलगा समोर होता, शेजारच्या खाटेवरची माणसं आमच्या गावची होती, आणि गावात मी देवीच्या पालखीचा मानकरी. मी म्हणालो, "आराम कर. जास्त बोलू नकोस." चार दिवसांनी ती गेली. देवीने आपल्याला नाकारलं असं मानूनच गेली.

वर्षश्राद्ध झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीला ट्रंकेत ती पत्रिका सापडली. भावंडांनी ठरवलं की हाच प्रवास करायचा, जसा लिहिलाय तसा, आणि मला बरोबर न्यायचं. आधी मुंबई, मग येताना इथे थांबून वर महाबळेश्वर. निघायच्या दिवशी सकाळी माझी बॅग गाडीत ठेवून झाली. मुलगा म्हणाला, "बाबा, जाता जाता देवळात कौल लावू या का? या वेळी आईच्या नावाने. देवी उजवा देईल."

तेव्हा मी ओट्यावर बसलो आणि सांगितलं. टपरी, कळी, नख, सगळं.

मुलगा गाडीच्या दाराला धरून उभा राहिला. मुलीने विचारलं, "आईला कधी सांगितलंत?"

"नाही सांगितलं."

"दवाखान्यातसुद्धा नाही?"

"नाही."

"ती अनवाणी जायची तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"घरी असायचो."

मुलगी गाडीशी गेली. माझी बॅग काढून तिने ओट्यावर माझ्या शेजारी आणून ठेवली. पत्रिकेचा मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि पत्रिका माझ्या मांडीवर टाकली.

"आम्ही जातोय. तिसऱ्या दिवशी मधे थांबू, आईने लिहिलंय तसं. तेव्हा म्हैस होती. आता तुम्ही आहात."

ते गेले. दुपारी शेजारीण घावण्यांची ताटली घेऊन आली. "भावजी, तुमी नाय गेलात?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमालापन डावा दिला का देवीनं? काय चुकलं आसंल तुमचं?"

ती बायकोबरोबर इतके मंगळवार चालली होती. तिलाही सांगितलं. तिने मधे एकदाही अडवलं नाही. ऐकून झाल्यावर मी हात लावलेलं घावणं तेवढं ओट्यावर ठेवून बाकीची ताटली उचलली आणि घरी घेऊन गेली. संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं असणार. पाणवठ्यावरचं बोलणं मी तिथे पोचलो की थांबत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. मुलगा खाली उतरला नाही. इंजिन चालूच होतं. मुलगी आत आली. मी विचारलं, "समुद्र बघितलात?" ती सरळ स्वयंपाकघरात गेली. हंड्यावरचं झाकण उचलून पाणी पाहिलं. तांदळाचा डबा उघडून पाहिला, झाकण लावलं. मग गाडीत जाऊन बसली. गाडी फाट्याच्या दिशेने गेली.

पत्रिकेत तेवढंच लिहिलं होतं. पाणी, वैरण बघणे.