फॉरमॅट मारून विकलेली डिस्क

खामगावात मला कॉम्प्युटरमधलं कळतं असा एक गैरसमज आहे, आणि तो मीच पसरवलाय. त्यामुळे आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याचे सगळे बायोडाटा माझ्या हार्ड डिस्कवर असत. मुलींचे फोटो, वडिलांचे मोबाईल नंबर, घरचे पत्ते. नवी डिस्क आली तशी जुनीला फॉरमॅट मारला. दोन मिनिटांत ती कोरी दिसायला लागली. खूश होऊन मी ती नांदुऱ्यात लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एकाला विकली.

निघताना तो सहज म्हणाला, "डिलीट झालेलं लग्न बी मी वापस काढून देतो भाऊ. फॉरमॅट मारला असला तरी."

मी "वा, वा" म्हणून बसमध्ये जाऊन बसलो. अर्थ डोक्यात शिरला तेव्हा बस अर्ध्या वाटेवर होती. म्हणजे मी फक्त दारावरची पाटी काढली होती, सामान सगळं आतच. तिथंच उतरलो. परतीची बस येईना, तर एका काळीपिवळी जीपमध्ये अंग चोरून बसलो. डोळ्यांपुढे एकेक बायोडाटा सरकत होता.

त्याच्या दुकानात शिरताच मी म्हटलं, "डिस्क जरा वापस द्या. थोडं पुसायचं राह्यलं."

"काऊन? असं काय आहे त्याच्यात?" तो डोळा बारीक करून हसला. "तुमचेच फोटो हायेत का?"

मी इतक्या जोरात नाही म्हणालो, की त्याची खात्रीच पटली. शेवटी खरं सांगितलं, तसं त्याचं हसू गेलं.

"मागच्या मेळाव्याचे बी?"

"हो."

"माह्या भाचीचा बायोडाटा होता त्याच्यात."

त्यानं डिस्क लावली आणि जुन्या सगळ्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत शून्यं लिहिणारा प्रोग्राम सुरू केला. तीन तास दाखवत होता. मी उठत म्हटलं, "झालंच समजा मग."

"बसा. फॉरमॅट मारला तवा बी झालंच होतं तुमचं."

बसलो. दर मिनिटाला टक्के बघत होतो. चहा दोनदा आला, दोन्ही वेळा निवला. शंभर झाल्यावर त्यानं स्वतःचं वापस काढायचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर चालवलं. यादी रिकामी आली. मी श्वास सोडला.

त्यानं वायर गुंडाळली. "आता बाकीच्या कॉप्या कुठी हायेत?"

एक नव्या डिस्कवर होती. आणि तेच बायोडाटा भरलेले पेन ड्राइव्ह मी हौसेनं मेळाव्याच्या समितीतल्या प्रत्येकाला वाटले होते. मी बोटं मोजायला लागलो. एका हाताची पुरेनात.