बाईची गुरुवारची वेळ

आमच्याकडे माणूस दुःखात बुडालं की त्याला चार जाणत्यांसमोर बसवून समजूत घालतात. या समजुतीचा मला अजून संताप येतो. ती भल्या मनानं घालतात, म्हणून तर जास्तच येतो.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला बाई म्हणायचो, मोताळ्याकडच्या एका खेड्यात दिलेली होती. महाराष्ट्र नवानवा होता आणि मी बुलढाण्याला मास्तरणीचं शिक्षण घेत होते. बाईचं रांगतं पोर गोवरानं गेलं. त्यानंतर ती जेवेनाशी झाली, बोलेनाशी झाली. एकदा तर शेजारणीनं तिला विहिरीच्या काठावरून ओढून आणलं. अंगारेधुपारे झाले, देवऋषी झाला, मग कुठे भाऊजी तिला बुलढाण्याच्या दवाखान्यात घेऊन आले. सोबत तिचे सासरे, कारण सुनेला बाहेर न्यायचं तर घरातलं मोठं माणूस पाहिजेच.

तिथले एक डॉक्टर नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात काही वर्षं काढून आलेले होते. गुरुवारी दुपारी ते अशा रोग्यांना बघत. बाई पदर नाकापर्यंत ओढून बसली. डॉक्टरांनी तिला विचारलं, जेवता का? सासरे म्हणाले, "हाव, जेवते." झोप लागते का? "लागते नं, काऊन नाही लागन?" सासऱ्यासमोर सून बोलत नाही, तेव्हा डॉक्टर सासऱ्यांचीच तब्येत विचारत होते म्हणा ना. शेवटी त्यांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. सासऱ्यांचं तोंड एवढंसं झालं. दार लोटता लोटता मला बाईचा आवाज ऐकू आला, कितीतरी दिवसांनी. "म्हैस पान्हावत नाही हो," ती म्हणत होती.

सासऱ्यांनी रुसून सोबत येणं सोडलं. मग दर गुरुवारी भाऊजी तिला ओळखीच्या कंडक्टरच्या हवाली करून येष्टीत बसवून द्यायचे, मी तिला स्टँडवरून घेऊन जायची आणि बाहेर बाकड्यावर बसायची. मला वाटे, आत काहीतरी मोठं चालत असेल. कसलं काय! म्हशीची, भाकरीची, अंगण सारवण्याची बोलणी. एकदा मी डॉक्टरांना तोंडावरच विचारलं, "एवढ्यासाठी तिनं घाट चढून यायचं? तिच्या पोराबद्दल तर तुम्ही अवाक्षर काढत नाही."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "बोलण्याच्या इलाजातही प्रकार आहेत. एक आतलं उकरून काढणारा. त्याला माणूस आधी पायावर उभा लागतो. दुसरा आधाराचा. आजचा दिवस निभावला ना, आता उद्याचं एक काम ठरवू, बस्स. पोराचं ती काढेल तेव्हा मी ऐकेन. मी होऊन काढणार नाही." बैठकाही निरनिराळ्या असतात, ते म्हणाले. रोगी एकटा, रोगी आणि घरचे, नाहीतर नुसते घरचे. कुणाला कधी कसं बसवायचं हे चुकलं तर सगळंच चुकतं. बाईच्या कागदावर ते दर वेळी एवढंच लिहीत: आधार, एकटी.

बाई सुधारत होती. कुणी काही म्हणो, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका गुरुवारी येष्टीतून उतरल्या उतरल्या माझ्याकडे निरखून बघत ती म्हणाली, "किती वाळली वं तू." मला तिथेच रडू आलं. पुढच्या खेपेला तिनं माझ्यासाठी ठेचा बांधून आणला.

मग डॉक्टरांनी नुसत्या घरच्यांना बोलावलं. सासरे आले ते एकच विचारायला, ती आत काय बोलते? डॉक्टर म्हणाले, ते सांगता येणार नाही, घरी तिला कसं सांभाळायचं ते सांगतो.

"आमची सून, अन् आमालेच सांगाची मनाई?" सासरे उठलेच. बाहेर येऊन भाऊजींना म्हणाले, "ना सुई, ना गोळी. नुसतं बोलनंच असंन तं आपल्या गावात काय मुके राह्यतात?"

मी मध्ये पडले. म्हटलं, "मामाजी, ते बोलणं निराळं."

"दोन बुकं शिकली तं मले शिकवशीन काय?" भाऊजी खाली बघत उभे राहिले.

पुढच्या गुरुवारी बाई आली नाही. पुढचं मला भाऊजींनी मागाहून रडत रडत सांगितलं. ओसरीवर सतरंजी अंथरली, चहापान झालं, गावातले चार जाणते बसले आणि बाईला दाराच्या चौकटीशी बसवलं. सगळे मायेनंच बोलले. एक जण म्हणाले, पोराचा ताप तुले आंधी काऊन नाही समजला, ते एकदाचं सांगून टाक पोरी, मन हलकं होईन. दुसऱ्यांनी तिला त्या मेलेल्या पोराची शपथ घ्यायला लावली, की पुन्हा विहिरीकडे जाणार नाही. तिनं घेतली. पदराआडून हाव म्हणाली. सगळ्यांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाण्याला म्हणून गेली आणि जिवंत परत आली नाही.

तेरवी झाल्यावर मी बुलढाण्याला परतले. डॉक्टरांना कुणी कळवलं नसणार, म्हणून गुरुवारी गेले आणि दारात उभ्या उभ्याच सांगितलं. ते समोरच्या खुर्चीकडे हात करून म्हणाले, "बसा. ही वेळ त्यांचीच ठेवली होती. दुसरं कुणी येणार नाही."

मला काही झालेलं नाही, असं मी म्हटलं. तरी बसले. त्यांनी उठून दार लावलं. मला वाटलं होतं, आता मी सासऱ्यांच्या नावानं बोटं मोडणार, त्या चौघांचा उद्धार करणार. तोंड उघडलं आणि मी बाईलाच शिव्या द्यायला लागले. "मले काऊन नाही सांगतलं वं? मी का मेली होती?" हेच पुन्हा पुन्हा म्हणत होते. डॉक्टरांनी मला थांबवलं नाही.